फोनपलीकडची मंडळी

पद्माकर खांबेट्यांना सिंगापूरमध्ये सगळे पद्माकरकाका म्हणायचे, त्यांच्याहून वयानं मोठी असलेली माणसंसुद्धा. हे काकापण त्यांना शनिवार मंडळानं मिळवून दिलं होतं. एका शिपिंग कंपनीच्या हिशेब खात्यात वरची नोकरी, क्लेमेंटीला स्वतःचा फ्लॅट, मुलगी लग्न होऊन मेलबर्नला, आणि नवरा-बायको दोघांचेही पासपोर्ट कधीच सिंगापूरचे, लाल झालेले, अशी संसाराची घडी नीट बसल्यावर त्यांनी हे मंडळ काढलं. दर शनिवारी संध्याकाळी आधी स्तोत्रं, मग थोडा नामजप, मग भजनं, मग पद्माकरकाकांचं निरूपण, शेवटी आरती आणि प्रसाद. बुओना व्हिस्टाच्या एका कॉन्डोमध्ये साधना नावाच्या बाई राहत. गळा गोड, स्वभाव त्याहून गोड. त्यांच्या नावावर कॉन्डोची फंक्शन रूम मिळायची. टाळांचा आवाज वर जातो म्हणून शेजाऱ्यांची तक्रार एकदा आली होती, तेव्हापासून टाळ बोटांनी दाबून वाजवायची पद्धत पडली होती.

काकांची शिस्त कडक. साडेसहा म्हणजे साडेसहा. आणि दारात एक वेताची टोपली. आत येणाऱ्यानं आधी चपला काढायच्या, मग फोन टोपलीत ठेवायचा. बँकेतले मोठमोठे साहेबही निमूटपणे फोन ठेवून आत येत. ‘देव काय पार्सलनं मागवायचा असतो?’ हे काकांचं आवडतं वाक्य होतं, आणि ते निरूपणात निदान महिन्यातून एकदा यायचंच.

पण दोन हजार सोळा उजाडेपर्यंत टोपली अर्धीही भरेना. दोन कुटुंबं पुण्याला परत गेली. तिघंजण पुंगोलकडे नवे फ्लॅट मिळाले म्हणून तिकडे राहायला गेले, तिथून बुओना व्हिस्टा म्हणजे बेटाचं दुसरं टोक. ज्यांची मुलं शाळेत होती त्यांचे शनिवार पोहणं, पियानो आणि ट्यूशन यांनी खाऊन टाकले. एके काळी चटया कमी पडायच्या, तिथं आता नऊ माणसं लांब लांब बसायला लागली, एकमेकांच्या मध्ये जागा सोडून, म्हणजे खोली रिकामी वाटू नये.

अश्लेषा तेव्हाच मंडळात यायला लागली होती. वन-नॉर्थला एका सॉफ्टवेअर कंपनीत कामाला, तिशीची, पुण्याहून येऊन तीन वर्षं झालेली. मनात एक आणि ओठावर एक असं तिला जमायचं नाही. एका शनिवारी प्रसादाचा शिरा खाता खाता ती म्हणाली की काका, आपण हे फेसबुकवर लाइव्ह दाखवू या. जे येऊ शकत नाहीत ते घरून तरी बघतील. काकांनी चमचा खाली ठेवला. मग पार्सलचं वाक्य आलं. मग सत्संग म्हणजे संग, तो फोनशी कसा होईल, असं छोटं निरूपणच झालं. अश्लेषा ऐकून घेत होती, पण पटल्याचं तिच्या चेहऱ्यावर दिसत नव्हतं.

त्या दिवशी घरी परतताना एमआरटीत, म्हणजे तिथल्या मेट्रोत, त्यांच्या बायकोनं, नीताकाकूंनी, हळूच विषय काढला. “नऊ जणांसमोर बोलता तुम्ही. त्यातले दोघं डुलक्या घेतात. फोन निदान जागा तरी राहील.”

क्लेमेंटी आलं तसे काका काकूंसाठी न थांबता पुढे उतरले. पुढच्या आठवड्यात मात्र त्यांनी परवानगी दिली. एक फोन टोपलीबाहेर राहील, अश्लेषाचा. तो मागच्या भिंतीशी तिकाटण्यावर उभा राहील. त्याच्याकडे कुणी बघायचं नाही.

पहिल्या दिवशी वीस-बावीस जण बघून गेले. पुंगोलची मंडळी होती, पुण्याला परतलेली होती, मेलबर्नहून लेकही होती. काकांना मनातून बरं वाटलं, पण त्यांनी ते दाखवलं नाही. दोन-तीन शनिवार असे गेले. मग एक दिवस त्यांनी अश्लेषाला विचारलं की लोकांना काय आवडलं हे कळतं का. तिनं फोन पुढे केला. हृदयं होती, अंगठे होते, हात जोडलेले होते. आणि त्यांच्यात एक पिवळा गोल होता, डोळे मिटून तोंड वासून हसणारा. ‘हा काय?’ काकांनी विचारलं. अश्लेषा जरा घुटमळली. कुणीतरी हसलंय, ती म्हणाली.

हसलेली व्यक्ती एकच होती, आणि ती दर शनिवारी हसत होती. नाव होतं शुभदा एस., फोटोच्या जागी जास्वंदीचं फूल. अहंकार कसा सोडावा यावर काका बोलले, तिथं ती हसली होती. मृत्यूबद्दल बोलले, तिथं तर ती तीनदा हसली होती. पद्माकरकाकांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आयुष्यात ऑफिसात, मंडळात, घरात, कुणी त्यांना असं तोंडावर हसलेलं नव्हतं. अश्लेषा म्हणाली की विचारून बघू या ना त्यांना. काका म्हणाले की असल्या माणसांना विचारायचं नसतं. मंडळाचं हसं करून घ्यायचं नसेल तर हा तमाशा बंद करू. पुढच्या शनिवारी सगळ्यांसमोर तसं जाहीर करायचं त्यांनी ठरवून टाकलं.

तो शनिवार आला, पण काका मंडळात पोचले नाहीत. टॅक्सीच्या डिकीतून पेटी उचलताना त्यांच्या कमरेत अशी कळ गेली की पेटी अर्धी आत, अर्धी बाहेर, आणि काका ओणवे. टॅक्सीवाल्या चिनी काकानं आणि नीताकाकूंनी मिळून त्यांना पुन्हा आत बसवलं. डॉक्टरांनी मणका दाखवला, चकती दाखवली, आणि पाठीवर पडून राहायला सांगितलं. किती दिवस, तर बरं वाटेपर्यंत. पंधरा वर्षांत प्रथमच शनिवार मंडळ पद्माकरकाकांवाचून भरायचं होतं.

ते भरलं. साधनाताईंनी निरूपणाची जागा भरून काढायचं कबूल केलं. पाळी येईल तो एखादं चिंतन वाचून दाखवेल असं ठरलं. नीताकाकूंना काकांनीच बळेबळे पाठवलं, आणि उशीला टेकवलेल्या फोनवर ते स्वतःचं मंडळ बघायला लागले.

आधी त्यांना दिसलं छत. मग पंखा. मग कुणाचातरी कान. तिकाटणं घसरलं असावं, कारण पुढची दहा मिनिटं पडद्यावर फक्त चटईची कड आणि साधनाताईंचा उजवा गुडघा होता. आवाज विहिरीतून यावा तसा. खाली लोक लिहीत होते. नमस्कार. नमस्कार मंडळी. आवाज येत नाहीये. कुणी आहे का? आवाज येत नाहीये हो. खोलीत कुणाला त्याचा पत्ता नव्हता, कारण फोनकडे बघायचं नाही हा नियम काकांनीच केलेला होता. काकांना राहवेना. त्यांनी अश्लेषाला फोन लावला. तो अर्थात त्याच फोनवर गेला. भजनाचा सूर तुटला, पडदा काळा झाला, आणि फंक्शन रूममध्ये मागच्या भिंतीशी घंटी खणाणली. अश्लेषा धावत गेली. पलीकडून काका म्हणाले, “गुडघा दिसतोय.” तिला काही कळेना. “अगं, साधनाचा गुडघा. बाकी काही नाही.”

दुसऱ्या शनिवारी चित्र नीट होतं. आवाजही बरा होता. पण काकांचं लक्ष आता खालच्या ओळींवर गेलं. तीच नावं पुन्हा आली होती. कुणी लिहिलं, आज मुलीला ताप आहे, तिच्यासाठी प्रार्थना करा. कुणी लिहिलं, ड्युटीवरून बघतोय, पाचच मिनिटं आहेत. हे लिहिणारा शिरीष नावाचा कुणी होता. जुराँगच्या बेटावरच्या एका कारखान्यात त्याची पाळी असायची. कुणी नुसतेच हात जोडले. आणि कुणालाच कुणी उत्तर देत नव्हतं. माणसं दाराशी येऊन उभी राहावीत आणि आत बसलेल्यांनी पाठ फिरवून गात राहावं, तसं ते काकांना वाटलं. आपल्या घरी कुणी आलं आणि ‘या, बसा’ म्हटलं नाही, असं खांबेट्यांच्या सात पिढ्यांत झालं नसेल.

ते पडल्या पडल्या टाइप करायला लागले. एका बोटानं, मराठी कीबोर्डवर जोडाक्षरं शोधत. मुलीला ताप असलेल्या बाईंना लिहिलं, ‘डॉक्टरांना दाखवलंत का? आम्ही सगळे प्रार्थना करतो आहोत.’ शिरीषला लिहिलं, ‘पाच मिनिटं पुष्कळ आहेत. जेवलात का?’ तो उत्तर पाठवायच्या आत त्याची पाच मिनिटं संपली असावीत. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचं उत्तर आलं, की जेवलो काका, विचारल्याबद्दल थँक यू.

याच काळात काकांना आणखी एक गोष्ट दिसली आणि ती मात्र त्यांनी कित्येक दिवस नीताकाकूंनाही सांगितली नाही. कोपऱ्यात डोळ्याच्या चित्राशेजारी एक आकडा असायचा, आत्ता किती जण बघताहेत त्याचा. वाचन सुरू झालं की तो घसरायचा. दुखण्याला विरंगुळा म्हणून त्यांनी आपलीच जुनी निरूपणं काढून पाहिली, आणि मग तेव्हा ती घरून लाइव्ह पाहणाऱ्या लेकीला सहज विचारलं की माझ्या वेळी आकडा किती असायचा. ती मेलबर्नहून म्हणाली की बाबा, भजनांना भरपूर लोक असतात, तुमचं बोलणं सुरू झालं की निम्मे जातात. मीही कुकर लावायला उठते. काकांनी स्वतःचं निरूपण शेवटपर्यंत ऐकायचा निश्चय केला आणि त्यात त्यांनाच दोनदा डुलकी लागली.

राहिली ती जास्वंदीच्या फुलाची. साधनाताईंच्या वाचनालाही ती हसली होती. म्हणजे तिचं वैर एकट्या काकांशी नव्हतं, ही त्यातल्या त्यात बरी बाजू. पाठ टेकून माणूस फार पडून राहिला की त्याच्या हातून पत्रं लिहून होतात. काकांनी एका दुपारी तिला खासगी निरोप पाठवला. ‘नमस्कार. आपण आमच्या कार्यक्रमास वारंवार हसता असे निदर्शनास आले आहे. कारण कळल्यास आभारी राहीन. आपला, पद्माकर खांबेटे.’

पाच-सहा दिवस काहीच आलं नाही. काकांनी मनात म्हटलं, चोराच्या मनात चांदणं. मग एका सकाळी तिच्याकडून एक आवाजी निरोप आला. दाबल्यावर आधी कुकरची शिट्टी झाली. मग एक वयस्कर, साताऱ्याकडचा, जरा धाप लागलेला आवाज.

“पद्माकरराव, नमस्कार. मी शुभदा सबनीस. तुमचं पत्र मला काल दिसलं, नातवानं दाखवलं. मी त्याला विचारलं, बाबा, मी काय केलं? तर तो म्हणतो, आजी, दॅट वन फॉर जोक लाह. आता मला काय ठाऊक! ते पिवळं तोंड किती आनंदात दिसतं. मला तुमचं ऐकून आनंद व्हायचा, म्हणून मी ते दाबायची. तुम्हाला वाईट वाटलं असेल तर मोठ्या मनानं विसरा. आणि खरं सांगू का, तुम्ही रागानं का होईना, पण विचारलंत. इथं दिवसभर घरात कुणी नसतं. मुलगा, सून, नातू, गुणी आहेत सगळे, पण आपापल्या कामात. नातू मराठी समजतो, उत्तर इंग्रजीत देतो. शनिवारी तुम्ही बोलायला लागलात की मी टीव्हीसमोरची खुर्ची ओढून टॅबपुढे बसते, म्हणजे समोर बसल्यासारखं वाटतं.”

पुढे तिनं सांगितलं की ती क्लेमेंटीलाच राहते, बाजाराच्या पलीकडच्या ब्लॉकमध्ये, आठव्या मजल्यावर.

काकांनी तो निरोप तीन वेळा ऐकला. नीताकाकू बाजूला बसून कपड्यांच्या घड्या घालत होत्या. तिसऱ्यांदा ऐकून झाल्यावर त्या म्हणाल्या, “आता काय लिहिणार? पोच मिळाली म्हणून?”

काका म्हणाले, “लिहीत नाही. जाऊन येऊ.”

अजून डॉक्टरांनी बाहेर पडायला सांगितलं नव्हतं. पण कमरेला पट्टा बांधून, एका हातात काठी आणि दुसऱ्या हाताला नीताकाकू, असे ते त्याच आठवड्यात निघाले. बाजार ओलांडायला त्यांना एरवीच्या तिप्पट वेळ लागला. मासळीवाल्या ओळीपाशी ओली फरशी, तिथं त्यांनी पाऊल टाकायला इतका विचार केला की समोरून येणाऱ्या बाईनं हसून त्यांना वाट करून दिली. दार शुभदाबाईंनी उघडलं. सुती नऊवारी, कुंकू नाही, पांढरे केस घट्ट बांधलेले. काठी टेकत आलेला माणूस पाहून त्या क्षणभर गोंधळल्या. मग काकांनी नमस्कार म्हटलं तसा आवाज ओळखला, आणि त्यांचा हात पदराकडे गेला. डोळे पुसत पुसत त्या म्हणत होत्या की चहा टाकते, साखर किती.

चहा होईपर्यंत सगळा उलगडा झाला. नवरा गेल्यावर मुकुलनं, म्हणजे मुलानं, त्यांना कराडहून इथं आणलं. तो विद्यापीठात संशोधक. शनिवारी तो आणि सून नातवाला, वेदांतला घेऊन पोहण्याच्या क्लासपासून चायनीजच्या क्लासपर्यंत फिरत असतात. बाईंनी एकदा मंडळात जायचं म्हटलं होतं. मुकुल म्हणाला होता, नेतो की आई एकदा. त्यानंतर त्यांनी पुन्हा विषय काढला नाही. एकट्यानं जायचा प्रयत्न एकदा केला होता, पण चुकीच्या बसमध्ये चढल्या आणि शेवटच्या थांब्यापर्यंत गेल्या. तिथून एका चिनी आजीनं, भाषेचा एक शब्द समजत नसताना, हाताला धरून परत आणून सोडलं. तेव्हापासून बसचं कार्ड देव्हाऱ्यात ठेवलं होतं. कराडला असताना मात्र पंधरा बायकांचं भजनी मंडळ त्या चालवायच्या. हे त्यांनी चहाच्या कपाकडे बघत सांगितलं, आणि नीताकाकूंनी विचारलं तेव्हा हळू आवाजात दोन ओळी म्हणूनही दाखवल्या. आवाज थकलेला होता, पण सूर जागेवर होता.

काका परत चालू-फिरू लागले त्या शनिवारी शुभदाबाई त्यांच्याबरोबर एमआरटीनं बुओना व्हिस्टाला आल्या. दोनच स्टेशनं. त्यांनी खिडकीशी उभं राहून बाहेरचं सगळं पाहून घेतलं. फंक्शन रूममध्ये साधनाताईंनी त्यांना पुढे बसवलं. भजनं झाली. मग काका उठले. लाइव्ह बंद करायचं जे त्यांनी मनात ठरवलं होतं त्याचा आता मागमूस नव्हता. त्यांनी अश्लेषाला सांगितलं की फोन मागच्या भिंतीशी नको, इथं माणसांत ठेव, एका चटईवर, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर. आणि त्याच्याशेजारी कुणीतरी बसलं पाहिजे, जे लिहितील त्यांच्याशी बोलायला. अश्लेषा चकित होऊन त्यांच्याकडे बघत राहिली. त्या दिवशी निरूपण दहा मिनिटांत संपलं. इतक्या लवकर आरती सुरू झाली की निरांजन तयार नव्हतं.

फोनशेजारी आधी काका स्वतः बसले. त्यांचं उत्तर देणं ऑफिसच्या पत्रासारखं. आपला निरोप मिळाला, असं ते मोठ्यानं म्हणायचे. दोन-तीन आठवड्यांत शुभदाबाई सरकत सरकत शेजारी आल्या आणि मध्येच बोलायला लागल्या. त्यांना पडद्यावरची अक्षरं चष्म्यातूनही नीट दिसत नसत. अश्लेषा नावं वाचून दाखवायची आणि बाई फोनकडे तोंड करून, शेजारणीशी बोलावं तसं बोलायच्या. ताप उतरला का गं मुलीचा? शिरीष, आज कुठली पाळी? पुण्याच्या मंडळींनो, पाऊस आहे का तिकडे? कॅमेरा, लाइव्ह, प्रेक्षक यांतलं काहीच त्यांच्या डोक्यात नव्हतं. त्यांच्या लेखी पलीकडे माणसं बसली होती, आणि आलेल्या माणसाची विचारपूस करायची असते, एवढं त्यांना ठाऊक होतं.

बघणाऱ्यांची संख्या फार वाढली असं नाही. अश्लेषाला वाटलं होतं शेकड्यांनी वाढेल, तिनं काही छोटे व्हिडिओ करून टाकूनही पाहिले, त्यांना तात्पुरती गर्दी झाली आणि ओसरली. वाढलं ते वेगळंच. जे आधी नुसते हात जोडून जायचे ते आता लिहायला लागले. पुंगोलच्या तिघांनी आपापल्यात ठरवून महिन्यातून एकदा एकत्र बसून बघायला सुरुवात केली, आणि मग एका महिन्यात मंडळच तिकडे गेलं, पेटी, टाळ, फोन सगळं घेऊन. एकदा एका बाईंच्या नवऱ्याचं ऑपरेशन झालं होतं, तेव्हा त्यांच्या घरून लाइव्ह झालं. त्या बाईंच्या हॉलमध्ये सहाच माणसं मावली, पण त्या दिवशी फोनपलीकडून जेवढी विचारपूस झाली तेवढी कधीच झाली नव्हती. काकांनी कुणाला सांगितलं नाही, पण पार्सलचं ते वाक्य त्यानंतर त्यांच्या तोंडून कधी आलं नाही.

मुकुलही बदलला. आई शनिवारी कुठे असते हे त्याला आधी फेसबुकवर दिसलं. पोहण्याच्या क्लासबाहेर बाकावर बसून त्यानं तिला परक्या लोकांना जेवलात का विचारताना पाहिलं. पुढच्या शनिवारी तो मंडळात आला आणि मागे बसून राहिला. काकांशी फारसं बोलला नाही. जाताना मात्र म्हणाला की आई घरी इतकं बोलत नाही. काका म्हणाले की घरी तिला कुणी एवढं विचारतं का बघा. ते जरा कठोर झालं, असं नीताकाकूंना वाटलं. पण मुकुलनं मान हलवली आणि त्यानंतर वेदांतचा चायनीजचा क्लास शनिवारवरून रविवारी हलवला.

दोन हजार अठराच्या एका शनिवारी, नुकती आरती संपली तेव्हा, दारात एक उंच, उन्हानं रापलेला माणूस येऊन उभा राहिला. कारखान्याचा निळा शर्ट अजून अंगावर. हा शिरीष. दोन वर्षं तो पाच-पाच मिनिटांत मंडळाला आला होता, आणि आज पहिल्यांदा त्याची शनिवारची पाळी लवकर सुटली होती. पद्माकरकाका त्याला बघताच उठले. त्यांनीच त्याला पहिलं उत्तर लिहिलं होतं, तेही पाठीवर पडून, एका बोटानं. ते हात पुढे करून गेले. शिरीषनं वाकून नमस्कार केला, आणि मान वर करता करता त्यांच्या खांद्यावरून खोलीत नजर टाकली.

“काका, आजी कुठे बसतात?”

काकांना एक बारीकशी कळ आली, कमरेतल्यापेक्षा पुष्कळच लहान. ती आली तशी गेलीही. त्यांनी शिरीषच्या पाठीवर हात ठेवून त्याला खोलीच्या मध्यापर्यंत नेलं, जिथे शुभदाबाई फोनशी बोलत होत्या, आणि त्यांच्या खांद्याला हात लावून म्हणाले, “शुभदाताई, कुणी आलंय बघा.”

बाईंनी वळून पाहिलं. चेहरा ओळखीचा नव्हता. शिरीषनं नाव सांगितलं, तशा त्या हातानं जमीन चाचपडत उठायला लागल्या आणि त्यानं त्यांना धरलं. मग आत शिरा थंड होत असेल हे त्यांच्या लक्षात आलं, आणि ते नीताकाकूंच्या हातातून डाव घेऊन वाट्या भरायला लागले. शिरीषची वाटी त्यांनी जरा जास्तच भरली.